‘हेतू नव्हता’ असं मी लिहिलं नाही

ज्यावरून पुढे सगळं झालं, त्या वाक्यावर मीही हसले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी कोणी फार शूर बाई होते असा समज व्हायला नको.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. बंगळूरच्या एका खाजगी कॉलेजात मी फिजिक्स शिकवत होते. नोकरीचं तिसरं वर्ष, अजून कायम झाले नव्हते. राहायला राजाजीनगरात, सासरी. माहेर काय नि सासर काय, दोन्ही घराणी तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन रुजलेली. घरात मराठीच बोलतो, पण ‘स्वल्प थांब’ आणि ‘सरी, येते मी’ यांतलं कन्नडसुद्धा आम्हाला मराठीच वाटतं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकलची परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक म्हणून आले ते माझे एम.एस्सी.चे सर. त्यांचे वडील साताऱ्याकडून नोकरीसाठी बंगळुरात आलेले. मी विद्यार्थिनी असताना पहिल्याच दिवशी हजेरी घेताना माझं आडनाव वाचून ते थांबले आणि भर वर्गात मराठीत म्हणाले, “अरे वा, आपल्यातली!” तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी मराठीतच बोलायचो. मला ही नोकरी लागली ती त्यांच्या शिफारसपत्रावर. माझ्या लग्नात ते माझ्या वडिलांच्या बरोबरीने दारात उभे राहून पाहुण्यांचं स्वागत करत होते.

स्पेक्ट्रोमीटरचा प्रयोग अंधाऱ्या खोलीत असतो. खिडक्यांना काळे पडदे, टेबलांवर सोडियमचे पिवळे दिवे. चार टेबलांशी चार विद्यार्थी उभे होते. त्यातला एक केनियाचा. तीन वर्षं तो माझ्या वर्गात होता. उंच, कमी बोलणारा, आणि जर्नल इतकं नेटकं की मी ते पुढच्या वर्षीच्या मुलांना नमुना म्हणून दाखवायचे.

सर बाहेरच्या उजेडातून पडदा सारून आत आले. डोळ्यांना अजून अंधाराची सवय व्हायची होती. ते दारातच थांबले आणि मोठ्याने, खेळकरपणे इंग्रजीत म्हणाले, “अरे आफ्रिका, जरा हस बघू! दात दिसले नाहीत तर तू कुठे उभा आहेस ते आम्हाला कळणार कसं?”

बाकीचे तिघे हसले. मी हसले. सर स्वतःही हसले.

तो हसला नाही. त्याने स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीवरून डोळा काढला, सरांच्या दिशेने एकदा पाहिलं आणि पुन्हा डोळा लावला.

तोंडी परीक्षेत सरांनी त्याला चांगले, कसोटीचे प्रश्न विचारले. त्याने सगळ्यांची उत्तरं दिली. सरांनी त्याला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण दिले. मग आम्ही दोघं व्हरांड्यातून चहाला निघालो तेव्हा सर मला मराठीत म्हणाले, “हुशार आहे हो पोरगा. यांच्यातही निघतात एखादे.”

मी म्हटलं, “हो, सर.”

तीन दिवसांनी त्या विद्यार्थ्याचा अर्ज प्राचार्यांकडे आला. एक पान, स्वच्छ अक्षर. गुणांबद्दल तक्रार नव्हती, कोणाला शिक्षा करा असंही म्हटलं नव्हतं. त्याने लिहिलं होतं, रस्त्यावर मला लोक काय काय म्हणतात, ते मी सोडून देतो, कारण ती माणसं मला ओळखत नाहीत आणि मी त्यांना. पण हे परीक्षकाने परीक्षेत म्हटलं, जिथे मला उलट बोलता येत नव्हतं. हे माझ्या वर्णावरून आणि वंशावरून केलेलं वर्तन आहे असं कॉलेजने लेखी मान्य करावं, एवढीच माझी मागणी आहे.

प्राचार्यांनी तिघांची समिती नेमली. अध्यक्ष उपप्राचार्य, दुसरे संस्थेचे एक वयस्क वकील विश्वस्त, आणि तिसरी मी. वास्तविक मी साक्षीदार होते, समितीत मला घ्यायलाच नको होतं. पण फिजिक्सचं कोणीतरी हवं असं कारण दिलं गेलं. कायम न झालेली बाई निमूट सही करेल, हे खरं कारण होतं. ते मला तेव्हाही कळत होतं.

पहिल्या बैठकीत त्याला बोलावलं. उपप्राचार्य तसे मनाने चांगले गृहस्थ. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, “तुझा अपमान करायचा त्यांचा हेतू होता असं तुला वाटतं का?”

“ते मला कसं ठाऊक असणार, सर?”

“मग वंशद्वेष म्हणतोस तो कशाच्या आधारावर?”

“ते जे बोलले त्याच्या.”

वकील साहेबांनी चष्मा पुसला. “हे बघ, हेतू हा मुख्य मुद्दा असतो. माणसाने तुला उत्तम गुण दिले. मनात द्वेष असता तर दिले असते का?”

तो माझ्याकडे वळून म्हणाला, “मॅडम, तुम्हीच आम्हाला शून्य त्रुटी शिकवलीत. व्हर्नियर मापपट्टीचा शून्य सरकलेला असला तर व्हर्नियरने मुद्दाम केलं का, असं आपण विचारत नाही. किती सरकलाय ते लिहून ठेवतो. मला तेवढंच लिहून हवंय.”

मी खाली पाहिलं. उपप्राचार्य हसत, समजुतीच्या सुरात म्हणाले, “अरे, लहानपणी आमच्या घरी मला सगळे करिया म्हणायचे. करिया म्हणजे काळ्या. आई म्हणायची, अक्का म्हणायची. मला चाललं ना?”

“तुम्हाला चाललं, सर,” तो म्हणाला, “मला नाही चालत.”

आवाज चढवला नव्हता. नमस्कार करून तो बाहेर गेला. त्याच्या मागे दार बंद झाल्यावर वकील म्हणाले, “फार ताठ आहे.” मला मात्र माझ्या एका काकांची आठवण झाली होती. लग्नाकार्यातले फोटो आले की ते माझ्यावर बोट ठेवून म्हणायचे, “हिचे तेवढे दातच आलेत.” मी घरातली सर्वांत काळी मुलगी. सगळे हसायचे, मीही हसायचे, कारण हसलं नाही तर तो विनोद लांबायचा. त्या अंधाऱ्या खोलीत मी इतक्या झटकन का हसले, ते मला त्या बैठकीत बसल्या बसल्या समजलं. त्या दिवशी खोलीतली काळी मी नव्हते. त्याचं सुख झालं होतं मला.

पुढच्या रविवारी दुपारी तो दोन बस बदलून आमच्या घरी आला. पत्ता कॉलेजच्या ऑफिसातून मिळवला होता. मी फाटकाशी गेले, तिथेच उभं राहून बराच वेळ बोलले.

“मॅडम, तुम्ही तिथे होता. तुम्ही जे ऐकलंत ते लिहाल का?”

“बघते,” मी म्हटलं.

“आणि तुम्हीही हसलात. तेही लिहा.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. प्रयोगात निरीक्षण राहून गेलं की विद्यार्थी आठवण करून देतो, तसं तो म्हणाला. माझे कान तापले. मी पुन्हा “बघते” म्हटलं आणि तो गेला.

मागे सासूबाई उभ्या होत्या. म्हणाल्या, “त्याला आत का नाही बोलावलंस? इतका वेळ उन्हात उभा केलास. पाणीसुद्धा विचारलं नाहीस.”

“मला वाटलं, तुम्हाला चालणार नाही.”

“मला विचारलंस?”

माझे बाकीचे विद्यार्थी यायचे तेव्हा मी त्यांना सरळ आत घ्यायचे, कॉफी द्यायचे. याला बाहेर ठेवावं असं मी ठरवलं नव्हतं. कोणी शपथेवर विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं, माझा तसा काही हेतू नव्हता. आणि तरी तो अर्धा तास उन्हात उभा होता, हे सासूबाईंनी सांगेपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मला त्या दिवशी इतकी चीड आली! आधी स्वतःची, आणि मग त्या ‘हेतू’ नावाच्या शब्दाची. किती सोयीचा शब्द. ज्याने केलं त्यालाच विचारायचं, आणि तो सांगेल ते खरं मानायचं.

दुसऱ्या बैठकीच्या आधी सरांचा फोन आला. “घरी ये,” एवढंच म्हणाले. मी जयनगरला त्यांच्याकडे गेले. त्यांनी स्वतः कॉफी करून आणली, समोर बसले. एका आठवड्यात चेहरा उतरला होता.

“तू मला किती वर्षं ओळखतेस?”

“दहा होतील, सर.”

“मी तसा आहे?”

“तुम्ही कसे आहात हे त्याने विचारलेलंच नाही, सर. तुम्ही काय म्हणालात एवढंच त्याने लिहिलंय.”

“अगं, पोरांवरचं दडपण जावं म्हणून मी बोलतो. मी सगळ्यांचीच थट्टा करतो. तुझी नव्हती केली?”

केली होती. पण माझ्या रंगाची कधी केली नव्हती, आणि मला कधी खंडाच्या नावाने हाक मारली नव्हती. मी तसं म्हटलं. सर उठून खिडकीशी गेले आणि एकदम इंग्लंडबद्दल बोलायला लागले. तरुणपणी ते तिथे संशोधनासाठी चार वर्षं होते, हे मला माहीत होतं. पण त्या चार वर्षांबद्दल ते फक्त थंडीच्या आणि ग्रंथालयाच्या गोष्टी सांगायचे. त्या दिवशी म्हणाले, “माझा गाइड मला माझ्या नावाने हाक मारायचा नाही. ‘महाराजा’ म्हणायचा. सगळ्या लॅबसमोर. पाहुणे आले की म्हणायचा, आमचा महाराजा हत्ती बाहेर बांधून आलाय. चार वर्षं. पण त्याचा हेतू वाईट नव्हता. माझा पहिला शोधनिबंध त्यानेच छापून आणला.”

“हेतू वाईट नव्हता, हे तुम्हाला कसं कळलं, सर?”

कॉफीवर साय धरली. मग ते म्हणाले, “कळलं नाही. मी ठरवलं तसं. नाहीतर तिथे राहता आलं नसतं.”

मला भडभडून आलं. त्यांच्या पायाशी बसावं असं वाटलं. पण मी म्हटलं, “सर, या मुलाने तसं ठरवायचं नाकारलंय. तुमच्यावर जे लादलं गेलं ते त्याने का ओढून घ्यायचं?”

“म्हणजे तू माझ्या विरुद्ध लिहिणार.”

“मी ऐकलं ते लिहिणार.”

ते दारापर्यंत सोडायला आले नाहीत.

दुसऱ्या बैठकीत अहवाल टाइप होऊन तयारच होता. शेवटचं वाक्य असं, की सर्व बाबींचा विचार करता सदर उद्गारामागे कोणताही वांशिक हेतू नव्हता असं समितीचं एकमताने मत आहे. खाली तीन नावं. दोन सह्या झालेल्या. उपप्राचार्यांनी पेन पुढे केलं.

“मी सही करणार नाही,” मी म्हटलं.

“मॅडम, मग तुमचं म्हणणं काय, हेतू होता?”

“मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. जे ठाऊक नाही ते ‘नव्हता’ म्हणून मी लिहून देणार नाही.”

वकील म्हणाले, “शंकेचा फायदा द्यायचा असतो, बाई.”

“तुम्ही द्या त्यांना फायदा. त्यांना तुरुंगात टाका असं कोण म्हणतंय? पण मुलाच्या वाट्याला काय आलं तेही लिहा. त्याला सगळ्यांसमोर रंगावरून हसलं गेलं की नाही? आफ्रिका म्हणून हाक मारली की नाही? दुसऱ्या कुठल्या विद्यार्थ्याला तसं म्हटलं? यातल्या एकाही प्रश्नासाठी कोणाच्या मनात शिरावं लागत नाही.”

उपप्राचार्यांनी पेनाचं टोपण लावलं. “मॅडम, तुमच्या कायम होण्याचा कागद पुढच्या महिन्यात यायचाय.” धमकी नव्हती ती. खरोखर काळजीने म्हणाले असतील. हेतू काय होता, देव जाणे. परिणाम मात्र मला चांगला ऐकू आला.

मी माझं वेगळं टिपण दिलं. घरी बसून, हाताने लिहिलेलं, दीड पान. सर काय म्हणाले ते जसंच्या तसं. कोण कुठे उभं होतं. कोण हसलं, त्यात पहिलं नाव माझं. मग मी थांबले. व्हरांड्यातलं ते मराठी वाक्य उरलं होतं. ते फक्त मी ऐकलं होतं. लिहिलं नसतं तर कोणाला कधीही कळलं नसतं. नवरा म्हणाला, “ते सोड. ते तर कौतुक होतं.” मी म्हटलं, “कौतुकच होतं. म्हणून तर लिहायला हवं.” ‘यांच्यातही निघतात एखादे’ याचं मी इंग्रजी भाषांतर केलं. त्याखाली लिहिलं, यावर मी ‘हो’ म्हटलं. शेवटी एक ओळ: हे वर्तन त्या विद्यार्थ्याचा वंश पाहून झालं, त्यामुळे त्याचा अपमान झाला, आणि हे म्हणायला बोलणाऱ्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही असं माझं मत आहे.

ते टिपण अहवालाला जोडायला ते तयार नव्हते. मी म्हटलं, मग अहवालात ‘एकमताने’ लिहिता येणार नाही. आठवडाभर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. अखेर जोडलं.

त्या मुलाला दोन्हींची प्रत मिळाली. ती घेऊन तो पुन्हा राजाजीनगरला आला, आणि या खेपेला मी त्याला आत बोलावलं. तो बसला, सासूबाईंनी दिलेली कॉफी प्याला, माझं टिपण माझ्यासमोर पहिल्यापासून वाचलं. व्हरांड्यातल्या वाक्याशी आल्यावर त्याने वर पाहिलं.

“हे मला माहीत नव्हतं.”

“हो.”

“तुम्हाला लिहायला कठीण गेलं असेल.”

“ऐकून ‘हो’ म्हणायला सोपं गेलं होतं,” मी म्हटलं.

तो हसला. मोकळं, मान मागे टाकून. तीन वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

सरांनी त्याला कॉलेजमार्फत चार ओळींचं पत्रही पाठवलं होतं. त्यात होतं, माझ्या बोलण्याने तुला वाईट वाटलं असेल तर मी दिलगीर आहे. त्याने मला ते दाखवलं. ‘असेल तर’ या शब्दांखाली त्याने पेन्सिलीने रेघ ओढली होती. “हे दोन शब्द काढून पाठवा, मग मी स्वीकारतो, असं कळवलंय,” तो म्हणाला. दुसरं पत्र काही आलं नाही. पहिला वर्ग घेऊन तो पास झाला आणि मायदेशी गेला. पहिल्या वर्षी त्याचं एक कार्ड आलं, एका शाळेत शिकवतोय म्हणून. मग पत्रव्यवहार थांबला.

मला कायम करायला आणखी दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत प्रॅक्टिकलच्या परीक्षांना परीक्षक म्हणून माझं नाव लागलं नाही. स्टाफरूममध्ये काही जण मला पाहून विनोद करता करता थबकायचे आणि म्हणायचे, “अय्यो, जपून बोला, मॅडम लिहून ठेवतील.” मी म्हणायचे, “हो, ठेवीन.” आधी आवाज कापायचा, मग कापेनासा झाला. गंमत म्हणजे त्यानंतर दोन मुलींनी आपल्याबद्दल वर्गात काय बोललं जातं ते येऊन मला सांगितलं. आधी कोणी सांगत नसे.

दशक संपता संपता आमच्या ओळखीतल्या एका लग्नात सर भेटले. त्या प्रकरणानंतर प्रथमच. पंगतीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती, आणि यजमानांनी नकळत त्यांना तिथेच आणून बसवलं. सर थकले होते. मी नमस्कार केला. केळीच्या पानावर पाणी शिंपडत त्यांनी मान हलवली. कोसंबरी वाढून झाली, पल्य म्हणजे कोरडी भाजी आली, भात आला.

मग पानाकडेच बघत ते म्हणाले, “इंग्रजीत बोललो ते सगळ्यांनी ऐकलं होतं. त्याचं मला काही नाही. पण ते दुसरं मी तुमच्याशी मराठीत बोललो होतो.”

‘तुमच्याशी’. दहा वर्षं मला अगं-तुगं करणारे माझे सर.

“माझ्या घरातलं बोलणं होतं ते,” ते म्हणाले. “आपलं माणूस म्हणून बोललो. तुम्ही ते बाहेर नेलंत.”

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी म्हटलं, “सर, तुम्ही माझ्याशी मराठीत बोललात, मी तुम्हाला मराठीतच ‘हो’ म्हटलं. मी एकटी आपलं माणूस आणि तो नाही, हे आपण दोघांनी मिळून ठरवलं. मला ते मान्य नाही. तेव्हाही म्हणायला हवं होतं.”

वाढपी सारू घेऊन आला. सरांनी भाताचं आळं केलं, त्यात सारू घेतलं आणि जेवायला सुरुवात केली. मीही जेवले. शेवटपर्यंत ते बोलले नाहीत, पण पानावरून उठूनही गेले नाहीत. हात धुवायला निघालो तेव्हा जमीन ओली होती आणि त्यांचा तोल जरा गेला. मी दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.